पंधरा घरांची एक खुर्ची

गरीब कोणाला म्हणायचं हे मला नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. तोवर मी आपला माणसाकडे बघून अंदाज बांधायचो, सगळेच बांधतात तसा. मग खात्याने आम्हाला दोन दिवस वर्गात बसवलं, हातात एक छापील फॉर्म दिला आणि माझं अज्ञान दूर केलं. फॉर्मवर बावीस वस्तू होत्या. खाट, घड्याळ, आरसा, पंखा, उघडता येणारी खिडकी, खुर्ची, असं करत करत बावीस. वस्तू घरात असली तर एक गुण, नसली तर शून्य. अकरा गुणांपर्यंत माणूस गरीब. बारावा पडला की नाही.

शिकवायला आलेले अधिकारी उंटावरचे शहाणे होते. मी विचारलं, "खुर्ची मोडकी असली तर?" ते म्हणाले, "बसता येत असेल तर ती खुर्ची." मी म्हटलं, "आणि बसायला वेळच नसेल तर?" वर्गात हशा पिकला. साहेबांनी माझं नाव वहीत टिपून घेतलं. मी तो प्रश्न खोडी काढायला विचारला होता, माझी ती जुनी सवय आहे. पुढे एका बाईने त्याचं उत्तर दिलं, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

बाटल्यांच्या कारखान्यामागची गल्ली माझ्या वाट्याला आली. एका बाजूला कारखान्याची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला ओळीने पंधरा घरं. प्रत्येक घर एका खोलीचं, वर पत्रा, दारापुढे एक पायरी. घरांच्या मागून सांडपाण्याचा बोळ जातो, एक माणूस जेमतेम चालेल एवढा. कारखान्याला आठवड्याची सुटी असते त्या दिवशी मी गेलो, म्हणजे माणसं घरी सापडतील.

माझी पाठ दुखरी आहे हे इथे सांगून ठेवतो. मोजणीच्या कामात तिचे हाल व्हायचे. कोणी चटईवर बसवायचं, कोणी पालथ्या बादलीवर, कोणी ट्रंकेवर. पाच घरं झाली की उठताना कोणाचा तरी हात धरावा लागायचा. या गल्लीत पहिल्याच घरात माझ्यापुढे खुर्ची आली. ऐटबाज खुर्ची होती. लाकडी, दोन्ही बाजूंना हात, बैठक वेताची. मागच्या डाव्या पायाला लोखंडी पट्टी ठोकलेली आणि उजव्या हातावर शाईचा जुना डाग, मोठ्या नाण्याएवढा. मी टेकून बसलो, पाठीने सुटकेचा श्वास सोडला, आणि फॉर्मवर लिहिलं, खुर्ची, एक.

दुसऱ्या घरातही खुर्ची निघाली. तिसऱ्यातही. मी मनात म्हटलं, लोक उगाच या गल्लीला नावं ठेवतात. चौथ्या घरात लोखंडी पट्टी पुन्हा दिसली, तेव्हा वाटलं कुठल्यातरी कचेरीचं सामान स्वस्तात निघालं असणार आणि सगळ्यांनी एकेक उचललं असणार. शाईचा डाग सगळ्यांच्या खुर्चीला एकाच जागी कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आपल्याला सुख मिळत असलं की माणसाला प्रश्न पडत नाहीत.

प्रत्येक घरातून निघताना मला दारात कोणीतरी अडवायचं, तेही माझ्या लक्षात आलं नाही. "पाणी तरी घ्या." "तुम्हाला मुलं किती?" "आमच्या सासऱ्यांचा खोकला कशाने जाईल हो?" मी काही डॉक्टर नव्हे, पण सल्ला द्यायला कोणाला आवडत नाही. मी दारात उभा राहून सल्ला देत होतो आणि मागच्या बोळात काहीतरी भिंतीला आपटत, घासत पुढे जात होतं.

नवव्या घरात मी बसलो आणि मला खुर्ची गरम लागली. घरात फक्त एक बाळंतीण होती, खाटेवर झोपलेली, आणि तिची आई होती, ती दारात माझी वाट बघत उभी होती. मग या खुर्चीवर आत्ता कोण बसलं होतं? मी डाग बघितला, पट्टी बघितली. ऊब माझीच होती, आठव्या घरातली.

 राग आला होता, खोटं कशाला बोलावं. सरकारी माणसाला असं बनवतात म्हणजे काय? पुढच्या पाच घरांत मी तोंड मिटून त्या एकाच खुर्चीवर बसलो आणि एक, एक, एक असं लिहीत गेलो. चौदाव्या घरातून मात्र पाणी न पिता, सल्ला न देता, सरळ पंधराव्या घरात शिरलो.

मागच्या दारातून दोन बायका खुर्ची आत घेत होत्या. एक तरुण होती, पहिल्या घरातली सून. दुसरी साठीच्या पुढची, उंच, हाडांनी रुंद, पायांत कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या. दोघींना धाप लागली होती. मला बघून सुनेने जीभ चावली आणि मागच्या मागे पळाली. म्हातारीने शांतपणे खुर्ची माझ्यापुढे ठेवली, बैठक फडक्याने पुसली आणि म्हणाली, "बसा साहेब."

"पंधरा घरं, पंधरा खुर्च्या," मी म्हटलं. "बरोबर मोजल्या ना मी?"

"बरोबर मोजल्यात," ती म्हणाली. "फक्त एकच पंधरा वेळा मोजलीत."

"खुर्ची कोणाची?"

"माझी."

"मग हे कशासाठी केलंत? सगळी गल्ली मला खोटं सांगते आणि तुम्ही ओझं वाहता?"

"खोटं कोणी सांगितलं? तुम्ही खुर्चीवर बसून विचारलंत, घरात खुर्ची आहे का. तुमच्या खाली खुर्ची असताना बाई नाही कसं म्हणेल?" मग तिने असं समजावलं, जणू शाळेत मीच कच्चा होतो. "लिहायला माणूस येणार, त्याला बसवायचं कुठे? आमच्या गल्लीत बाहेरचं कोणी आलं की खुर्ची त्या घरी जाते. डॉक्टर आला, मास्तर आला, कोणाकडे पाहुणा आला. आज तुम्ही सगळ्यांकडेच आलात, मग ती सगळीकडे गेली."

मी मटकन बसलो. आता राग स्वतःवर येत होता. खुर्चीचा एक गुण म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते सांगायचं नाही असा आम्हाला सक्त हुकूम होता. त्या दिवशी तो मी मोडला. म्हटलं, "मावशी, हा फॉर्म गरिबी मोजायचा आहे. अकराच्या आत राहिलात तर छपरासाठी मदत आहे, साठीपुढच्या माणसाला पेन्शन आहे. या एका खुर्चीपायी तुमची निम्मी गल्ली बाराव्यावर जाऊन बसली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात."

तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आम्हाला सांगायची परवानगी नाही."

"आणि आम्हाला पाहुण्याला उभं ठेवायची परवानगी नाही," ती म्हणाली. "झालं तर मग. दोघंही आपापल्या जागी बरोबर."

गल्लीत तिला उभी मावशी म्हणतात. हे तिने मला स्वतःच सांगितलं, त्यात तिला काही वाईट वाटत नव्हतं. चोवीस वर्षं ती कारखान्यात काचेवर उभी राहत आली होती, अजूनही राहते. काच म्हणजे एक पांढरी तावदानासारखी पाटी, तिच्या मागे दिवा. पाटीपुढून पट्ट्यावर औषधाच्या बाटल्या सरकत जातात. बाटलीत केस आहे का, काळा ठिपका आहे का, काचेत बुडबुडा आहे का, हे बघायचं आणि खोटी बाटली उचलून बाजूच्या खोक्यात टाकायची. आठ तास. पूर्वी तिथे बाकडं होतं. एकदा एक बाई बसल्या बसल्या पेंगली, तिच्यासमोरून काचेचा कपचा पडलेली बाटली निघून गेली, आणि मोठा गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी बाकडं उचललं. बसलेल्या माणसाचा डोळा लागतो असं मुकादमाने भिंतीवर लिहूनच ठेवलं.

"मग तुम्हाला झोप येत नाही?"

"उभ्याने येत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे." तिने पायाच्या पट्ट्या सारख्या केल्या. पट्ट्यांच्या वर शिरा निळ्या, गाठी गाठी होऊन फुगल्या होत्या. "पण घरी जरी बसले तरी डोळा लागतो, हे त्याला माहीत नाही. म्हणून मी घरीही बसत नाही. बसले की स्वयंपाक राहतो."

नवरा माल उतरवायचं काम करायचा, मुलगा लहान असतानाच तो वारला. मुलगा आता दूरच्या शहरात असतो. तो काय करतो म्हणून मी विचारलं, तेव्हा तिने पगार सांगितला नाही की हुद्दा सांगितला नाही. ती म्हणाली, "बसून काम करतो." आणि तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

खुर्ची त्या मुलाच्या शाळेतली. तो सातवीत असताना हेडमास्तरांनी तिला बोलावून घेतलं होतं. मुलगा हुशार आहे, त्याला कामाला लावू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. सांगायला त्यांना पाऊण तास लागला. ते या खुर्चीवर बसून बोलत होते आणि ती रात्रपाळी करून आलेली, समोर उभी. "माणूस वाईट नव्हता," ती म्हणाली. "बस म्हणायचं त्याच्या लक्षात आलं नाही, आणि दुसरी खुर्ची नव्हतीच. तो बोलत होता ते मुलाच्या भल्याचं. पण माझं अर्धं लक्ष त्याच्या कोपरांकडे. दोन्ही कोपरं कशी निवांत टेकलेली. मला वाटलं, आपण पण एकदा असं कोपरं टेकून बसावं. मुलाचा विचार करायचा सोडून हे काय सुचतंय, म्हणून मला माझीच लाज वाटली."

पुढे शाळा बंद पडली, सामानाचा लिलाव झाला. तिने खुर्ची ओळखली ती शाईच्या डागावरून. डोक्यावर घेऊन घरी आली, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी हातपाय धुऊन ती दारात खुर्ची टाकून बसली. दोन्ही कोपरं टेकली. तेवढ्यात पहिल्या घरातून निरोप आला की म्हाताऱ्याला बघायला डॉक्टर आलेत, मावशी, जरा खुर्ची द्या. ती उठली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

"नऊ वर्षांत पुन्हा बसलाच नाहीत?"

"बसते की. मधूनमधून. पण अर्धं बूड टेकून. कोण कधी मागायला येईल काय सांगावं."

मला फॉर्म पुढे ढकलवेना. मी तिच्या बाकीच्या वस्तू लिहून घेतल्या. खाट होती. आरसा होता. वीस वर्षं पुरी झाली म्हणून कारखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, त्याचा एक गुण. म्हणजे वीस वर्षं उभं राहिल्याबद्दल ती एका गुणाने कमी गरीब झाली होती. सगळे मिळून अकरा झाले. खुर्चीचा रकाना तेवढा मी कोरा ठेवला. म्हटलं, "फेरतपासणीचा अर्ज टाकतो. पुढच्या सुटीला पुन्हा येईन. तेव्हा खुर्ची हलवू नका."

ऑफिसात साहेबांनी विचारलं की चौदा घरांचे फॉर्म रद्द का करायचे. मी लिहून दिलं, मोजणाऱ्याची चूक. तसं ते खोटं नव्हतं.

पुढच्या सुटीला मी गेलो तेव्हा खुर्ची तिच्या घरातच होती आणि ती तिच्या शेजारी उभी होती. "बसा," ती म्हणाली.

"आज मी नाही बसणार. आज तुम्ही बसा. मी चौदा घरं करून येतो, तोवर कोणी मागायला येणार नाही. येणारा मीच, आणि मला नको आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. अनोळखी घरात बसतात तशी ती कडेला टेकली. मी म्हटलं, "मागे सरका. कोपरं टेका." ती सरकली. पाय जमिनीवरून जरा उचलले गेले, पट्ट्या गुंडाळलेले ते दोन पाय, आणि ती हसली. मी बाहेर पडलो.

त्या दिवशी मी चौदा घरांत पालथ्या बादलीवर, ट्रंकेवर, चटईवर बसलो. पाठीने माझा उद्धार केला. खुर्ची आहे का म्हणून विचारलं की बायका ओशाळून म्हणायच्या, नाही हो. एका म्हाताऱ्याला तर मला चटईवर बसलेलं बघवेना, तो सारखा म्हणत होता, "मावशीकडून आणतो ना." मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. चौदा फॉर्म खरे भरले गेले.

परत आलो तर उभ्या मावशीच्या दाराशी चार बायका घोळका करून उभ्या होत्या. कोणी बोलत नव्हतं. पहिल्या घरातल्या सुनेने मला ओठांवर बोट ठेवून खूण केली. आत मावशी झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही कोपरं खुर्चीच्या हातांवर. मुकादमाचं म्हणणं खरंच होतं. मी पायरीवर बसून राहिलो. तिला उठवायचं कोणाच्याही मनात नव्हतं आणि माझ्या तर अजिबात नव्हतं. इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं काम केलेलं मला आठवत नव्हतं.

ती दचकून उठली ती थेट उभीच राहिली. "बाटली गेली का?" असं म्हणाली. मग आम्हाला बघितलं आणि तोंडावरून हात फिरवला.

बायका पांगल्या. मी आत जाऊन फॉर्म उघडला. एकच रकाना राहिला होता. मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो. म्हटलं, "मावशी, नीट ऐका. तुमचे अकरा आहेत. अकराला पेन्शन मिळते. पेन्शन मिळाली की काचेवर उभं राहायला नको. खुर्ची सगळी गल्ली वापरते, बरोबर? म्हणजे ती गल्लीची झाली. गल्लीची म्हणजे कोणा एकाची नाही. मी शून्य लिहितो. यात खोटं काही नाही."

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मला वाटलं ती विचार करतेय. पण तिला विचार करायचाच नव्हता.

"एक लिहा," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"माझी आहे म्हणून."

"मावशी, नाकापेक्षा मोती जड होतोय. एका शब्दासाठी आणखी किती वर्षं उभ्या राहणार आहात?"

"भाऊ," ती म्हणाली. तोवर मी साहेब होतो. "नऊ वर्षं मी ती देतेय. डॉक्टरला दिली, मास्तरांना दिली, तुम्हाला दिली. माझी होती म्हणून दिली ना? आता ती माझी नव्हतीच असं लिहिलंत तर मग मी काय देत होते? माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काय होतं?"

मी सरकारी माणूस. माझ्याकडे बावीस वस्तूंचा फॉर्म होता आणि त्यात या प्रश्नाला जागा नव्हती. मी तरीही पेन तसंच धरून बसलो. तिने वाकून माझ्या खांद्यावरून फॉर्मकडे बघितलं. चोवीस वर्षं बाटलीतला केस शोधणारी नजर ती, तिच्यापुढे शून्य लिहून एक लिहिलं म्हणायची सोय नव्हती. मी एक लिहिला. खाली तिने सही केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून.

यादी लागली. गल्लीतली अकरा घरं गरीब ठरली. तीन घरं खुर्ची सोडूनही बाराच्या वर होती, त्यांचं त्यांना काही वाटलं नाही. उभी मावशी बारा गुणांवर गरीब नाही ठरली. कागद द्यायला मी स्वतः गेलो, पोस्टाने पाठवायचं धाडस झालं नाही. तिने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "सगळा जन्म लोक मला बिचारी म्हणाले. सरकारने पहिल्यांदा लिहून दिलं की नाही म्हणून. कागद जपून ठेवते." ती हसली आणि मीही हसलो. 

माझ्या घरी चार खुर्च्या आहेत. बायको होती तेव्हा घेतलेल्या. तीनवर कपडे आणि वर्तमानपत्रं पडलेली असतात, एकीवर मी बसतो. मागायला कोणी येत नाही. माझ्या घराचे मी एकदा गंमत म्हणून गुण केले, तर एकोणीस आले.

त्यानंतर सुटीच्या दिवशी मी तिच्याकडे जायला लागलो. काम काही नसायचं. आधी स्वतःला सांगितलं की चौकशी करायला जातोय, मग तेही सांगणं सोडून दिलं. तिकडे एक विचित्र गोष्ट घडली होती. खुर्ची मागायला कोणी येत नव्हतं. आपण वाचलो आणि जिच्या खुर्चीवर सगळे पाहुणे बसवले ती मात्र बुडाली, ही टोचणी साऱ्या गल्लीला लागली होती. म्हाताऱ्याला बघायला डॉक्टर आले तेव्हा त्यांना खाटेच्या कडेवर बसवलं. मास्तर आले ते उभ्याउभ्याच बोलून गेले. कोणी भांडलं नाही, कोणी तोंड फिरवलं नाही. फक्त मागायचं बंद झालं.

म्हणजे तिला हवं होतं ते मिळालं असं कोणी म्हणेल. मीही म्हणालो. खुर्ची रोज घरात होती, हातांवर धूळ बसत होती. पण ती बसत नव्हती. संध्याकाळी कामावरून यायची, दाराला टेकून गल्लीकडे बघत उभी राहायची. पायरीवर पावलं वाजली की वळून बघायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" छापील फॉर्मवर हा प्रश्न नव्हता, आणि मी सव्वीस वर्षांत कोणालाच तो विचारला नव्हता.

 "तासभर बसायचंय," ती म्हणाली. "पण नुसतं बसायचं नाही. मी बसलेली असावी आणि कोणीतरी मागायला यावं. आणि मी म्हणावं, थांब जरा, आत्ता नाही. मी बसलेय." ती स्वतःशीच हसली. "असं म्हणता यावं एवढंच. पैसेवाली माणसं दिवसातून दहादा म्हणत असतील. मला एकदा म्हणायचं होतं."

हे बोलणं मी पहिल्या घरातल्या सुनेला जाऊन सांगितलं का? नाही सांगितलं. सांगावंसं फार वाटलं. पण ठरवून आलेली मागणारी तिला लगेच ओळखू आली असती. तिच्या डोळ्यांपुढून खोटी बाटली सुटत नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. तिच्या पायांच्या पट्ट्या आता गुडघ्यापर्यंत चढल्या होत्या. मुलाने फोनवर म्हटलं, सोड ते काम, माझ्याकडे ये. ती म्हणाली, तुझ्या एका खोलीत पाचवं माणूस कुठे मावणार, तू बसून काम कर, माझी काळजी नको. एका सुटीला मी गेलो तर ती खुर्चीत होती. दुखण्याने बसवलं होतं, हौसेने नव्हे. पाय समोरच्या डब्यावर ठेवलेले. मी पायरीवर बसलो. 

पहिल्या घरातली सून दाराशी येऊन उभी राहिली. हाताने कडी चाळवत होती. वर्षाच्या आतबाहेर झालं असेल, ती तिथे मागायला आली नव्हती. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला रात्रीपासून धाप लागली होती, हे मी येताना ऐकलं होतं.

"मावशी," ती म्हणाली. "मामांना आडवं झालं की श्वास घेता येत नाही. डॉक्टर म्हणाले टेकवून बसवा. हात असलेली खुर्ची हवी म्हणाले."

मावशी एकदम उठणार होती. खुर्चीचे दोन्ही हात तिने धरलेसुद्धा. मग ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, सुनेकडे बघितलं.

"आत्ता कसे आहेत?"

"आत्ता बरे आहेत. लेकाला टेकून बसलेत. संध्याकाळपर्यंत चालेल."

"मग थांब जरा," मावशी म्हणाली.  "आत्ता नाही. मी बसलेय."

सून एक क्षण गोंधळली. मग तिने कडी सोडली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली, काही न विचारता. मावशी मागे सरकली. कोपरं टेकली. पुढच्या भिंतीवर ऊन होतं, तिकडे बघत राहिली. तिचा डोळा लागला नाही. ती पूर्ण जागी राहून बसली होती. मागे कारखान्याने दिलेलं घड्याळ चालू होतं, पण किती वेळ झाला ते मी वळून बघितलं नाही. सुनेनेही बघितलं नाही.

मग तिने पाय डब्यावरून खाली घेतले, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि फडक्याने बैठक पुसली. शाईच्या डागावरूनही एकदा फडकं फिरवलं.

"ने आता," ती सुनेला म्हणाली. "परत आणायची घाई करू नकोस. उद्यापासून सहा दिवस मी उभीच आहे."